तो पुन्हा करेल का?

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आधी एक खुलासा. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, वकीलही नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन गेली तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. संयोजकांनी फोनवर विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "शिबिराला मुलीही असतील." मी म्हटलं, "म्हणूनच."

विषय असा आहे. तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून एखाद्या लहान मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार घडला, तर पुढे त्या मुलाचं काय करायचं? अशा मुलांसाठी जगात काही ठिकाणी चाळीसेक वर्षांपासून उपचार चालू आहेत. ते काय असतात, त्यांनी फरक पडतो का, आणि आपण त्यातलं काय करतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला घरातूनच माहीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाती, गाव आणि काही तपशील बदलले आहेत, कारण त्या मुलीची ओळख पटता कामा नये. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, ईदला घरी आलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं. एका खालाचा मुलगा चौदा वर्षांचा, दुसऱ्या खालाची मुलगी सात वर्षांची. रात्री तिने आईला काहीतरी सांगितलं. सकाळी मोठी माणसं आतल्या खोलीत दार लावून बसली आणि आम्हाला बाहेर चहा करायला सांगितलं. दुपारपर्यंत निकाल लागला. मुलाच्या अब्बांनी त्याला पट्ट्याने मारलं. नानीने मुलीला जवळ घेतलं आणि समजावलं की बेटा, हे कुणाला सांगायचं नाही, बदनामी तुझीच होईल. आणि ठरलं की मुलाला दुसऱ्या जिल्ह्यात त्याच्या चाचाकडे पाठवायचं, गॅरेजवर कामाला. चाचाच्या घरात तीन लहान मुलं होती. चाचांना खरं कारण कुणीच सांगितलं नाही. "अभ्यासात लक्ष नाही," एवढंच.

त्याला स्टँडवर सोडायचं काम माझ्याकडे आलं. त्याची बॅग मीच एसटीत चढवली. गाडी सुटताना त्याने विचारलं, "भाई, मी परत कधी येऊ?" मी म्हटलं, "बघू."

त्या दिवशी घरात एकच कामाचा प्रश्न विचारला गेला होता आणि तो मुलाच्या आईने विचारला होता. "हा पुन्हा करेल का?" कुणी उत्तर दिलं नाही. कुणाकडे ते नव्हतंच.

आता आकड्यांकडे येतो. अमेरिकेतले संशोधक डेव्हिड फिंकेलहोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तिथल्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या. अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत पोलिसांना माहीत झालेल्या आरोपींपैकी ३५.६ टक्के स्वतःच अल्पवयीन होते. म्हणजे तीनातला एक. आपण मुलांना सांगतो की अनोळखी काकांनी चॉकलेट दिलं तर घेऊ नका. पण तीनातला तो एक अनोळखी काका नसतो. वयाप्रमाणे पाहिलं तर लहान मुलांविरुद्धचे हे गुन्हे सर्वांत जास्त बारा ते चौदा या वयात दिसतात, आणि मग उतरतात. हा उतार लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

या मुलांवर उपचार करायला हवेत, हा विचार अमेरिकेत रुजवणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या, फे हनी नॉप. क्वेकर पंथाच्या, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणाऱ्या. तुरुंगच नकोत या मताच्या. पण त्यांना लोक विचारायचे की मग बलात्काऱ्यांचं काय करायचं, आणि तो प्रश्न त्यांनी टाळला नाही. तेव्हा देशात जे थोडे उपचार चालू होते ते शोधून काढून १९८२ साली त्यांनी किशोरवयीन मुलांसाठीच्या नऊ कार्यक्रमांची माहिती छापली. पुढच्या दहा-बारा वर्षांत असे कार्यक्रम शेकड्यांनी उभे राहिले.

पण सुरुवातीला एक चूक झाली. मोठ्या माणसांसाठी तयार केलेले उपचार तसेच्या तसे मुलांना लावले गेले. गृहीत असं होतं की हा मुलगा म्हणजे पुढचा सराईत गुन्हेगार, फक्त उंचीने लहान. हे आयुष्यभराचं दुखणं आहे, दारूसारखं, कधी बरं होत नाही, नुसतं आवरून धरायचं. काही ठिकाणी मुलांना लाय डिटेक्टरवर बसवत. "मी लैंगिक गुन्हेगार आहे" असं स्वतःच्या तोंडाने परत परत म्हणायला लावत. चौदा वर्षांच्या मुलाला रोज हे म्हणायला लावलं तर तो काय शिकेल?

हळूहळू हे बदललं, आणि आज चांगल्या कार्यक्रमांत जे चालतं त्याचा कणा कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी आहे. हे नाव तुम्हाला परकं वाटेल, पण त्याच कुळातली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत कधीच आणली आहे. मूळ कल्पना साधी आहे. प्रसंग घडतो, आपण मनात स्वतःशी काहीतरी बोलतो, त्या बोलण्यातून भावना येते आणि भावनेतून कृती होते. प्रसंग आपल्या हातात नसतो. मधलं ते बोलणं पकडता येतं आणि बदलता येतं.

आता ते या मुलाला लावून बघा. तो पहिल्या दिवशी येतो आणि म्हणतो, "असंच झालं." किंवा "मस्करी चालली होती." उपचारक ओरडत नाही, पण "असंच झालं" यावर थांबतही नाही. त्या दिवशी घरात कोण कुठे होतं? हे मनात पहिल्यांदा केव्हा आलं? तेव्हा कंटाळा होता, राग होता, मोबाईलवर काही पाहिलं होतं? दार कुणी लावलं? ती गप्प राहावी म्हणून तिला काय सांगितलं? एकेक कडी जोडत नेतात. आठवड्यांमागून आठवडे. यातून मुलाला एक गोष्ट दिसायला लागते, आणि ती पाहणं त्याला सगळ्यात जड जातं: हे "झालं" नव्हतं, त्याने केलं होतं, आणि करायच्या आधी किमान चार ठिकाणी तो थांबू शकला असता.

मग त्या प्रत्येक ठिकाणी त्याने स्वतःला काय सांगितलं ते बाहेर काढतात. तिला काही कळत नाही. ती ओरडली नाही, म्हणजे तिला चाललं. माझ्यासोबतही कुणीतरी केलं होतं, मला कुठे काय झालं. यातलं एकेक वाक्य टेबलावर ठेवून तपासतात. ती ओरडली नाही, कारण ती सात वर्षांची होती आणि तू तिचा भाईजान होतास. हे मुलाने स्वतः म्हणायचं असतं. उपचारकाने व्याख्यान देऊन भागत नाही.

शेवटच्या वाक्याबद्दल एक सांगून टाकतो, कारण आपल्याकडे लोक लगेच ते सूत्र करून टाकतात. अशा मुलांपैकी काहींवर पूर्वी स्वतःवर अत्याचार झालेला असतो, हे खरं आहे. पण ज्यांच्यावर अत्याचार होतो, त्यातली बहुसंख्य मुलं पुढे कुणावरही अत्याचार करत नाहीत. तुमच्या ओळखीत अशी कुणी व्यक्ती असेल तर तिच्याकडे संशयाने बघू नका. तिच्यावर आधीच पुरेसं ओझं असतं.

या सगळ्याच्या जोडीला शरीराची माहिती, संमती म्हणजे काय, कायदा काय म्हणतो, इच्छा झाली तर त्या क्षणी काय करायचं, मित्र कसे जोडायचे हेही शिकवतात. हसू नका, मित्र जोडायचं शिकवावं लागतं. यातली बरीच मुलं समवयस्कांत एकटी असतात आणि लहान मुलांतच रमतात.

आणि घर. सुरुवातीला मला वाटायचं की उपचार म्हणजे मुलगा आणि डॉक्टर, बंद खोलीत. पण ज्या कार्यक्रमांचे निकाल चांगले आहेत त्यात आईवडील जवळपास विद्यार्थीच असतात. त्यांना घरासाठी लेखी नियम बनवायला शिकवतात. या मुलाने लहान मुलांसोबत एकट्याने राहायचं नाही, म्हणजे नाही. झोपायची जागा वेगळी. न्हाणीघराचे नियम. फोन कुठे आणि कधी वापरायचा. घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाला पूर्ण गोष्ट माहीत आहे, तिचं नाव कागदावर. माझ्या चाचांची आठवण झाली ना? तीन लहान मुलं असलेल्या घरात आम्ही तो मुलगा पाठवला आणि नियम लिहिणं दूरच, त्या माणसाला पत्ताही लागू दिला नाही. आमच्या धंद्यात म्हणायचं तर, बिघडलेला प्रोग्राम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवला आणि वर नोंदी पुसून टाकल्या.

हे नियम परदेशात, प्रत्येकाला वेगळी खोली असलेल्या घरांसाठी लिहिलेले आहेत. आपल्याकडे खोली दहा बाय बाराची आणि माणसं सात. वेगळं झोपवायचं कुठे? हा प्रश्न सोपा नाही आणि कुठल्याही पुस्तकातून उतरवून घेता येणार नाही. आपल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांनाच तो सोडवावा लागेल. पण "कुठल्या मोठ्या माणसाला पूर्ण गोष्ट माहीत आहे" या नियमाला खोली लागत नाही.

फरक पडतो का? मला सवय आहे, कुणी म्हणालं चालतं, तर मी विचारतो की चाचणी दाखव.

सर्वांत आवडलेला अभ्यास ओक्लाहोमा विद्यापीठातला आहे, आणि तो किशोरांपेक्षाही लहान, ५ ते १२ वर्षांच्या मुलांचा आहे. ज्यांचं लैंगिक वर्तन इतर मुलांना त्रासदायक ठरलं होतं अशी १३५ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटाला सीबीटीची बारा सत्रं, पालकांचा वर्ग शेजारच्या खोलीत त्याच वेळी. दुसऱ्या गटाला खेळातून उपचार, तेही प्रामाणिकपणे. मग संशोधक थांबले. दहा वर्षं थांबले. २००६ साली त्यांनी निकाल छापला: खेळ-उपचाराच्या गटातली १० टक्के मुलं पुढे लैंगिक गुन्ह्याच्या नोंदीत सापडली, सीबीटीच्या गटातली २ टक्के. त्याच दवाखान्यात चंचलपणासारख्या दुसऱ्या तक्रारींसाठी येणारी मुलंही त्यांनी तपासली होती. त्यांचं प्रमाण ३ टक्के. म्हणजे बारा सत्रांनंतर ही मुलं इतर मुलांसारखीच झाली होती. बारा सत्रं म्हणजे तीन महिने. आपल्याकडे शिकवणीचा एक भाग संपायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

टोरांटोमध्ये जेम्स वर्लिंग यांच्या चमूने एका कार्यक्रमातल्या १४८ किशोरांचा माग २० वर्षांपर्यंत ठेवला. उपचार घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर पुन्हा लैंगिक गुन्ह्याचा आरोप झाला, न घेतलेल्यांपैकी २१ टक्क्यांवर. इथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ज्यांनी उपचार नाकारले किंवा सोडले तेही दुसऱ्या गटात होते, त्यामुळे उपचार घ्यायला तयार झालेली मुलं मुळातच बरी असतील, अशी शंका घेता येते. मी घेतो.

मिसुरीमध्ये चार्ल्स बॉर्डुइन यांनी चिठ्ठ्या टाकल्या. ४८ मुलं. अर्ध्यांना नेहमीचे सीबीटी उपचार, गटात आणि एकेकट्याने. अर्ध्यांच्या घरी उपचारक स्वतः जायचा, आईवडील, शाळा, मित्र, सगळ्यांसोबत काम करायचा. जवळपास नऊ वर्षांनी पाहिलं तर घरी जाऊन काम केलेल्या गटात ८ टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, नेहमीच्या गटात ४६ टक्क्यांनी. आकडा धक्का देणारा आहे, पण मुलं ४८च. मी त्यातून एवढंच घेतो की खोलीतलं काम घरापर्यंत पोचलं नाही तर ते कच्चं राहतं. आणखी एक गोष्ट. बिघडलेल्या मुलांना एकत्र ठेवून सुधारायला गेलं की ती एकमेकांकडून बिघडणंच शिकू शकतात, हे थॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं. आपल्या निरीक्षण गृहांबद्दल बोलताना हे आठवावं.

मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. वैद्यकीय पुराव्यांचा सगळ्यात कडक हिशेब ठेवणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने २०२० मध्ये १० ते १८ वयाच्या मुलांसाठीच्या सीबीटीचा आढावा घेतला. त्यांच्या चाळणीतून फक्त चार चाचण्या उतरल्या, सगळे मिळून ११५ मुलं. निष्कर्ष: पुरावा इतका थोडा आहे की खात्रीने काही सांगता येत नाही. याचा अर्थ उपचार निकामी आहेत असा होत नाही. चाळीस वर्षांत जगाने या मुलांवर चाचण्यांचा पैसा खर्च केला नाही, असा होतो. कुठला पुढारी त्यासाठी निधी मागेल? त्याला मतं जातील.

आता खालाच्या प्रश्नाकडे परत. पुन्हा करेल का?

मायकेल काल्डवेल यांनी २०१६ साली १९३८ ते २०१४ पर्यंतचे १०६ अभ्यास एकत्र केले, ३३,७८३ मुलांचे. पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचं सरासरी प्रमाण ४.९२ टक्के. २००० नंतरच्या अभ्यासांत ते २.७५ टक्क्यांवर आलेलं. सगळेच गुन्हे उघडकीला येत नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार, हे मान्य. आणि मिसुरी-टोरांटोचे आकडे मोठे का? तिथला पाठपुरावा लांबलचक होता. तरीही चित्र स्पष्ट आहे. पकडल्या गेलेल्या बहुसंख्य मुलांनी पुन्हा तो गुन्हा केल्याचं दिसलं नाही. तो उतार म्हटलं होतं ना, तो हा.

मग थोडे जे करतील ते आधीच ओळखू, असं तुम्ही म्हणाल. इथे माझा धंदा कामाला येतो. मी पैशांच्या व्यवहारांतली लबाडी ओळखणाऱ्या प्रोग्रामवर काम करतो. समजा हजार मुलं आहेत आणि त्यातली पन्नास पुन्हा करणार आहेत. समजा मी एक चांगला प्रोग्राम लिहिला, पन्नासांतले चाळीस ओळखणारा, आणि उरलेल्या साडेनऊशेंपैकी फक्त वीस टक्क्यांवर चुकून बोट ठेवणारा. वीस टक्के म्हणजे एकशे नव्वद मुलं. माझ्या यादीत एकूण दोनशे तीस नावं आली, त्यातली खरी चाळीस. व्यवहार असला तर आम्ही ग्राहकाला फोन करून माफी मागतो. मुलगा असला तर? टोरांटोच्याच वर्लिंग यांनी धोका मोजायचं एक साधन बनवलं आहे, आणि त्यातच सांगितलं आहे की हा अंदाज फार तर वर्षभरासाठी धरा, मग परत तपासा. कारण या वयातलं मूल वर्षभरात दुसरंच माणूस होतं.

अमेरिकेने याच्या उलट करून पाहिलं. २००६ च्या एका कायद्याने काही गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांपासूनच्या मुलांची नावं लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी यादीत घालायची सोय केली. एलिझाबेथ लेटूर्नो यांनी २०१८ मध्ये अशा मुलांची, उपचार घेणाऱ्या पण यादीत नसलेल्या मुलांशी तुलना केली. यादीतल्या मुलांमध्ये नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण चौपट होतं. आणि हे ऐका: कुणा मोठ्या माणसाने लैंगिक हेतूने त्यांच्याशी संपर्क साधल्याचं प्रमाण पाचपट. मुलांच्या रक्षणासाठी केलेली यादी.

आपल्याकडे काय आहे? दिल्लीतलं २०१२ चं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. सहा आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी होता, त्याला कायद्याने कमाल तीन वर्षं विशेष गृहात ठेवलं. डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा बालन्याय कायदा मंजूर केला. आता सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक तपासणी करून त्याला प्रौढासारखं चालवायचं का ते ठरवू शकतं. टीव्हीवर सगळी चर्चा या कलमाची झाली. त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात लिहिलंय की विशेष गृहात मुलाला शिक्षण, कौशल्य, समुपदेशन, वर्तनसुधार उपचार आणि मानसोपचाराचा आधार द्यायचा. म्हणजे मी अर्धा तास ज्यावर बोलतोय ते आपल्या कायद्यात छापलेलं आहे. पण असा उपचार देऊ शकणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात लागतात. बंगळूरच्या निम्हान्समधून मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण दिलं जातं, बालन्याय यंत्रणेतल्या लोकांनाही. तुमच्यापैकी कुणी मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.

एक फरक मात्र नीट करा. सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी प्रेमात पडून पळून गेले, की आईवडील पोक्सो लावतात. कायद्याला तिथे संमती दिसत नाही, कारण वय अठरा. पण आज मी ज्याबद्दल बोलतोय ते हे नाही. दोन्ही एकाच टोपलीत टाकले तर उपचाराची गरज असलेला मुलगा गर्दीत हरवतो.

आणि पोक्सोचं एकोणिसावं कलम माहीत असू द्या. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. आमच्या घरात घडलं तेव्हा हा कायदा नव्हता. आज असता तर आतल्या खोलीत बसलेले सगळे, आणि बाहेर चहा करणारा मीही, त्यात आलो असतो. हे घरच्यांना भयंकर वाटतं, हे मी समजू शकतो. आपल्याच मुलाला पोलिसांकडे कसं न्यायचं? उपचाराच्या रस्त्यावर पोलीस ठाणं उभं आहे आणि बरीच कुटुंबं तिथूनच मागे वळतात. यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. चौदा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो, तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्याचं नाव छापायला बंदी आहे, एवढं तरी घरच्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. १०९८ हा नंबर तर पाठच असू द्या.

नाव छापायला बंदी म्हटलं, पण आपले फोन बघा. अशी बातमी आली की पहिला शोध नावाचा होतो. नाव आपल्यातलं निघालं की काही ग्रुपवर कौमच्या कौम गुन्हेगार ठरते, आणि आपल्या ग्रुपवर लगेच सुरू होतं की मुलगा चांगला आहे, अडकवलंय. नाव दुसरं निघालं की आपण तेच उलट्या दिशेने पुढे पाठवतो. मीही पाठवलंय. या सगळ्या गदारोळात ती सात वर्षांची मुलगी कुठे असते? कौमची अब्रू वाचवायच्या नादात आपण तिलाच पुन्हा एकदा "कुणाला सांगू नकोस" म्हणतो, फक्त या वेळी नानीच्या जागी अख्खा मोहल्ला असतो.

दोन वर्षांपूर्वी घरात लग्न होतं. ती मुलगी आता वीस पार केलेली, नोकरी करणारी. तिने मला फोन केला. म्हणाली, "भाईजान, तो येणार आहे का?" मला कळलंच नाही आधी, कोण. नंतर कळलं की पंधरा वर्षं प्रत्येक लग्नाआधी, प्रत्येक ईदला ती कुणाला ना कुणाला हा प्रश्न विचारत होती, काहीतरी निमित्त काढून. त्या फोननंतर मी हे सगळं वाचायला लागलो. रात्री, ऑफिसचं काम संपल्यावर.

त्या मुलाने पुढे पुन्हा काही केलं का? मला माहीत नाही. चाचांच्या मुलांना कुणी विचारलं नाही. त्यालाही कुणी विचारलं नाही. तो आता गॅरेज चालवतो, त्याला मुलगी झाली आहे.

उपचारांत पुढे एक टप्पा येतो. मुलगा जबाबदारीची चिठ्ठी लिहितो, ज्याला त्रास दिला त्याला उद्देशून. मी हे केलं, तुझी काही चूक नव्हती. ती चिठ्ठी पाठवायची की नाही हे तो ठरवत नाही. ज्याला त्रास झाला त्याला ती हवी असेल तरच ती पुढे जाते. मी तिला हे सांगितलं आणि विचारलं, तुला मिळाली असती तर?

ती म्हणाली, "चिठ्ठीचं काय करू, भाईजान? त्याने एकदा अम्मीसमोर सांगावं की मी खोटं बोलत नव्हते."